कोझिन्त्सेव्हचा हॅम्लेट : आधी चौकट पूर्ण आहे का बघा

तुम्ही लिहिलंय की शेक्सपिअरच्या नाटकावरचा, कोझिन्त्सेव्हने दिग्दर्शित केलेला १९६४ चा रशियन सिनेमा 'हॅम्लेट' पाहिला, हॅम्लेट झालेला स्मोक्तुनोव्स्की आवडला, पण सगळं कोंदट वाटलं. माणसं कडेला अर्धीच दिसतात, सबटायटल्स बोलण्याशी जुळत नाहीत, मग लोक याला एवढं डोक्यावर का घेतात? वाचताना माझेच जुने दिवस आठवले. तुमच्या हाती बहुतेक चित्राच्या कडा कापलेली प्रत लागली आहे.

मी तंत्रज्ञ नाही, पण एवढं खात्रीने सांगतो. हा सिनेमा रुंद पडद्यासाठी, रुंदी-उंचीच्या साधारण २.३५ : १ या प्रमाणात चित्रित झाला. जुन्या टीव्हीच्या ४ : ३ चौकटीत तो कोंबला की चित्राचा ४० टक्क्यांहून जास्त भाग जातो. मला एका विक्रेत्याने अशीच डीव्हीडी विकली होती. वर मोठ्या अक्षरांत 'फुल स्क्रीन', जणू काही जास्तीचंच देतायत! तक्रार केली तर उत्तर आलं, पडदा पूर्ण भरतोय, त्यामुळे दोष नाही. पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. पैशांचं सोडा. त्याच डीव्हीडीवर आमच्या हौशी नाटकमंडळींना मी हा सिनेमा दाखवला होता आणि बरेचजण पहिल्या भागानंतर उठून गेले. त्यांतले काही आजही याचं नाव काढलं की नको म्हणतात. मला याचा अजून राग येतो.

कारण इथे कडाच महत्त्वाच्या आहेत. लॉरेन्स ऑलिव्हिएने १९४८ च्या त्याच्या इंग्रजी सिनेमात फोर्टिनब्रास, रोझेनक्रान्ट्झ, गिल्डनस्टर्न ही नाटकातली पात्रं सगळी काढून टाकली. त्याचा हॅम्लेट स्वतःच्या मनाशी झगडतो. कोझिन्त्सेव्हचा हॅम्लेट एका राजवटीशी झगडतो. रक्षक, दरबारी, कान देऊन उभी असलेली माणसं सतत आजूबाजूला. तो घोडा दौडवत किल्ल्यात येतो आणि मागे पूल उचलला जातो. डेन्मार्क तुरुंग आहे हे हॅम्लेटचं वाक्य यायच्या कितीतरी आधी तुम्हाला ते कळलेलं असतं. बाप गेल्यावर ऑफेलियाला, म्हणजे हॅम्लेटच्या प्रेयसीला, सुतकाचे काळे कपडे चढवतात, त्याआधी तिच्या अंगावर चोळीसारखा लोखंडी सापळा आवळतात. वेड लागण्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. 'जगावं की मरावं' हे हॅम्लेट समुद्राकाठच्या खडकांत, ओठ न हलवता, मनातल्या मनात बोलतो. माझ्या मते तो प्रसंग इतक्या साधेपणाने दुसऱ्या कुणाला जमलेला नाही. पटत नसेल तर वाद घालू, पण पूर्ण चौकट पाहिल्यावर.

सबटायटल्सचं म्हणाल तर पात्रं बोलतात ते पास्तरनाकचं रशियन भाषांतर, आणि काही प्रतींत खाली सरळ शेक्सपिअरच्या मूळ ओळी टाकलेल्या असतात. लांबी जुळणार कशी? नाटक माहीत असेल तर पहिले काही प्रसंग सबटायटल्स बंद करून बघा. आणि कृपया फोनवर नको. शोस्ताकोविचचं संगीत चांगल्या हेडफोनवर तरी ऐका. हॅम्लेटच्या बापाचं भूत तटावरून चालतं तिथे ते अंगावर येतं.

थोडं विषयांतर. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात हॅम्लेटचं भाषांतर हाती घेतलं होतं, 'विकारविलसित' म्हणून ते १८८३ मध्ये आलं. भाषा आज जड वाटेल, पण हा सिनेमा पाहिल्यावर ते चाळून बघा. तुरुंगाचे संवाद वेगळेच लागतात.

प्रत घेताना विक्रेत्याला प्रमाण आणि लांबी दोन्ही लेखी विचारा. सिनेमा दोन भागांचा, साधारण १४० मिनिटांचा आहे; फारच कमी असेल तर घेऊ नका. आवडला तर याच दिग्दर्शकाचा १९७१ चा किंग लिअर आहे, भाषांतर पास्तरनाकचं आणि संगीत शोस्ताकोविचचंच. मात्र तो लगेच पाठोपाठ लावू नका, मध्ये काही दिवस जाऊ द्या.