‘टू अँड अ हाफ मेन’मधला चार्ली आपल्या फुकट्या भावाला घराबाहेर का काढत नाही? आणि चार्ली गेल्यानंतरचे सीझन बघावेत का?

‘फुकट्या’ हा शब्द प्रश्नात दिसला म्हणून लिहायला बसलो. नाहीतर या अमेरिकन विनोदी मालिकेबद्दल बोलणं मी टाळतोच.

आधी सरळ उत्तर. चार्ली भावाला, म्हणजे ॲलनला, काढत नाही, कारण ॲलन जायला नको आहे त्याला. तोंडाने तो काहीही म्हणो. २००३ चा पहिलाच भाग आठवा. बायकोने, ज्युडिथने, बाहेर काढलेला ॲलन मालिबूच्या त्या समुद्रकाठच्या घरी येतो, मागोमाग त्याचा दहा वर्षांचा मुलगा जेक. चार्ली कुरकुरतो, पोराला घेऊन सुपरमार्केटमध्ये जातो आणि भाग संपेपर्यंत दोघांना ठेवून घेतलेलं असतं. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नव्हती.

आणि त्यांची आई बघा. एव्हलिन. घरं विकण्याचा धंदा, एकामागून एक लग्नं, मुलांना माया कधी लावलीच नाही. ती दारात आली रे आली की एकमेकांचा जीव खाणारे हे दोघे एका बाजूला येतात. चार्लीच्या आयुष्यात बायका ढिगाने आल्या, पण लहानपणी त्या घरात काय काय झालं हे ज्याला सांगावं लागत नाही असा माणूस एकच आहे, तो म्हणजे ॲलन. अशा माणसाचं भाडं काय लावणार?

आता मला हे एवढं का लागतं ते सांगतो. माझी कंपनी बंद पडली तेव्हा मी दादाकडे राहायला गेलो. दादा एकटा, लग्न केलेलं नाही, नोकरी फिरतीची. ‘लागेल काहीतरी चार-सहा महिन्यांत’ म्हणून गेलो आणि त्याहून बराच जास्त राहिलो. आमचे स्वभाव म्हणजे दोन टोकं. तो ओला टॉवेल पलंगावर टाकणार, मी दारातल्या चपलासुद्धा जोडीने लावणार. त्याला टीव्ही मोठ्याने लागतो, मला दहाला झोप येते. त्यावरून आमची रोज वाजायची. एकदा तर गिझर चालू कोणी ठेवला यावरून दोन दिवस अबोला होता.

पैसे मी देत नव्हतो. नव्हतेच तर देणार कुठून? पण घर मी बघत होतो. बाथरूमच्या भिंतीला धरलेली ओल कुठून येते ते नळवाल्यामागे लागून मी शोधून काढलं. दादाची तुंबलेली रिटर्नं मी भरली. दादाला टायफॉइड झाला तेव्हा रात्री उठून ताप बघायचो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहायचो, वेळ, ताप, कोणती गोळी दिली. डॉक्टर तपासण्याआधी ते पान मागून घ्यायचे. तोवर त्याच्या घरात थर्मामीटरसुद्धा नव्हता, तो मी आणला.

आणि मग घरातल्या एका लग्नात आमच्या मावसभावाने पंगतीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘हा आमच्या घराण्यातला ॲलन!’ मालिका बघणारे हसले, न बघणाऱ्यांना त्याने अर्थ समजावून सांगितला, मग तेही हसले. दादाही हसला. मला त्याचंच जास्त लागलं. घरी आल्यावर मी विषय काढला तर म्हणाला, ‘अरे, तू ॲलन म्हणजे मी चार्ली झालो ना? मला सगळ्यांसमोर बेवडा म्हणाला तो, मी चिडलो का?’ मी म्हटलं, चार्लीचं घर आहे, बेवडा म्हणा नाहीतर काहीही म्हणा, त्याला फरक पडत नाही. ज्याच्या डोक्यावर दुसऱ्याचं छप्पर आहे त्याला पडतो. दादा गप्प बसला.

थोड्या दिवसांनी सोसायटीचा एक फॉर्म आला. घरात राहणाऱ्यांची नावं, मालकाशी नातं, आणि शेवटचा रकाना वास्तव्याचा, तात्पुरतं की कायम. दादाने माझं नाव लिहिलं, नात्यापुढे ‘भाऊ’ लिहिलं आणि ‘कायम’वर खूण केली. मला विचारलं नाही, काही बोलला नाही, फॉर्म माझ्याच हातात दिला, खाली वॉचमनकडे देऊन ये म्हणून. मावसभाऊ अजूनही म्हणतो की जो पैसे देत नाही तो फुकट्या. घराच्या मालकाने जे लिहून दिलं ते मी मानतो, पंगतीत बसून हिशेब करणाऱ्याचं मानत नाही.

ॲलनकडे वळतो. त्याच्याकडे पैसे का नसतात? कायरोप्रॅक्टरची, म्हणजे हाताने मणके-सांधे बसवण्याची, प्रॅक्टिस जेमतेम चालते, घर ज्युडिथकडे गेलं, वर तिची पोटगी आणि पोराचा खर्च. हे न बघता त्याला कंजूष, लोचट म्हणणं सोपं आहे. आणि चार्लीला काय मिळालं तेही बघा. जाहिरातींच्या जिंगल्स करून जगणारा, लहान पोरांशी कधी संबंध न आलेला हा माणूस पुढे ‘चार्ली वॉफल्स’ या नावाने मुलांची गाणी करतो आणि ती चालतात. जेक घरात वाढला नसता तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

तरी सगळीकडे मी ॲलनची बाजू घेत नाही. ज्युडिथने हर्बशी लग्न केल्यावर पोटगी थांबली, तेव्हा त्याने हलायला हवं होतं. आठव्या सीझनमध्ये तर तो घरच्याच माणसांचे पैसे एकाचे दुसऱ्याला फिरवतो, चक्क पॉन्झी स्कीम, तिथे फसवणूक ती फसवणूकच. अर्थात यात लेखकांचाही नाइलाज आहे. तो सोफा, ते स्वयंपाकघर आणि ती मागची डेक, सगळी मालिका त्याच्यावर उभी. ॲलनने वेगळी खोली घेतली की विषयच संपला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. चार्लीचं काम करणाऱ्या चार्ली शीनला मार्च २०११ मध्ये काढलं, आठवा सीझन १६ भागांवरच थांबला. नवव्याच्या सुरुवातीला चार्ली पॅरिसच्या मेट्रोखाली मेल्याचं सांगून त्याचा अंत्यविधीच दाखवतात. मग अ‍ॅश्टन कुचरचा अब्जाधीश वॉल्डन ते घर विकत घेतो आणि ॲलन तिथेच राहतो. इथे मात्र तुमचा शब्द लागू होतो. वॉल्डनशी ना रक्ताचं नातं, ना सामायिक लहानपण, मग तो तिथे कुठल्या हक्काने राहतो? भावांची गोष्ट तिथे संपली. मालिका २०१५ पर्यंत ओढली.

पण एक गोष्ट मी सगळ्यांना ऐकवतो. एकूण २६२ भागांपैकी चार्ली १७७ भागांपुरता होता आणि ॲलन झालेला जॉन क्रायर सगळ्या २६२ मध्ये आहे. याच भूमिकेसाठी त्याला २००९ मध्ये सहायक अभिनेत्याचं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं आणि २०१२ मध्ये प्रमुख अभिनेत्याचं, म्हणजे दुसरं तर शीन गेल्यानंतर. ती मालिका कोणी कोणाच्या जिवावर चालवली ते आमच्या मावसभावाने एकदा सांगावं.

भावाला घरी ठेवून घेणार असाल तर कामं आधीच बोलून वाटून घ्या, पैशांचं नंतर बघता येतं. आणि चारचौघांत कोणी त्याला फुकट्या म्हणालं तर हसू नका, तिथल्या तिथे तोंड बंद करा त्याचं. घरी येऊन समजूत काढण्यात अर्थ नसतो.

मालिकेत बायकांवरचे विनोद फार खालच्या पातळीवरचे आहेत, ते मला आजही आवडत नाहीत, पोरांना घेऊन बघायला बसू नका. जेक लहान आहे तोवरचे सीझन सगळ्यात चांगले. आठव्यानंतरचे नाही बघितलेत तरी चालेल.