आधी कागद

प्रिय मुली,

व्हिडिओ पाहिला. दोनदा, आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून. नाचतेस छान, ते तुला ठाऊक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. तू विचारलंयस, नृत्यदिग्दर्शनासाठी सिनेमाचं स्वतंत्र गाणं हाताशी आलंय, शूट दोनच दिवसांचं आहे, तर मास्टरजींकडची असिस्टंटगिरी सोडू का? मी उलट विचारतो, त्या गाण्याचा कागद कुठे आहे?

‘डोक्यात आहे’ म्हणशील. डोक्यातलं गाणं सेटवर पहिल्या तासात निसटतं. हिरोइनची व्हॅन उशिरा येते, ऊन सरकतं, दिग्दर्शकाला अचानक दुसरा अंतरा आधी हवा असतो आणि तू कोपऱ्यात उभी राहून मनात मुखड्यापासून मोजायला लागतेस. तोवर कॅमेरामनने त्याला आवडेल तसा शॉट लावलेला असतो.

गणित साधं आहे. गाणं चार मिनिटांचं, लय मिनिटाला १२० मात्रांची. एक मात्रा, म्हणजे एक काउंट, अर्ध्या सेकंदाची; आठ काउंटचा एक ‘आठ’ चार सेकंदांचा. म्हणजे संपूर्ण गाणं ६० आठांचं. साठ ओळींचा तक्ता आख. प्रत्येक ओळीत गाण्याची वेळ, शब्द, स्टेप, कॅमेरा, मागे नाचणारा ग्रुप आणि कपडा. नमुना देतो: ‘०:४८ ते ०:५६, मुखड्याची दुसरी ओळ, दोन आठ. उजव्या पायाने आत, तिसऱ्या काउंटला पदर डाव्या हातात. ५० मिलिमीटरची लेन्स, कमरेपासून वर. ग्रुप नाही.’ इतकंच. पण हे लिहिताना तुझ्याच लक्षात येईल की शॉट कमरेपासून वर आहे आणि तू दोन आठ भरून पायांचं काम बसवलंयस. ते कोण बघणार? ही चूक मी तुझ्या व्हिडिओत चार ठिकाणी मोजली.

उजवा म्हणजे कलाकाराचा उजवा, आरशातला नव्हे आणि कॅमेऱ्याचाही नव्हे. तू हॉलमध्ये आरशाकडे तोंड करून शिकवतेस, तुझी असिस्टंट ग्रुपकडे तोंड करून, आणि सेटवर तिसरीच दिशा असते. तीन दिशांत अर्धा ग्रुप हमखास उलटा फिरतो. कागदावर एकदा ठरलं की भांडण मिटतं.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत खटकली. सगळं उभ्या फ्रेममध्ये बसवलंयस. उभ्या फ्रेममध्ये उडी, बैठक, डोक्यावरचे हात शोभतात. सिनेमाची फ्रेम आडवी. तिथे एकटी बाई मध्ये उड्या मारते आणि दोन्ही बाजूंना माळरान. आडवी चाल हवी, तिरक्या रांगा हव्यात, नाहीतर निदान जवळची लेन्स हवी. रील गाजलं, आनंद आहे. पण रीलवरची स्टेप पंधरा सेकंद टिकली तरी भागतं. गाण्यात तीच हुक स्टेप, म्हणजे लक्षात राहणारी मुख्य स्टेप, चार वेळा येते, आणि चारही वेळा वेगळ्या जागेवरून, वेगळ्या अंतरावरून दिसावी लागते.

दोन दिवसांत साठ आठ उरकायचे, तर गाण्याच्या क्रमाने शूट करायचं विसर. एका दिशेचे सगळे शॉट आधी, मग लाइट फिरवून दुसरी दिशा. सकाळी नऊला शेवटचा मुखडा, अकराला पहिला अंतरा. पदर कुठल्या खांद्यावर होता, गजरा कुठल्या बाजूला, आधीच्या शॉटचा शेवट कुठल्या पायावर झाला, हे कोणाच्या लक्षात राहणार? कंटिन्युइटी बघणारा माणूस असतो, पण तो कपडे बघतो, वजन कुठल्या पायावर आहे ते बघत नाही. ते तूच लिहायचं.

आणि प्रत्येक शॉट एक आठ आधी सुरू कर, एक आठ नंतर थांबव. आठ सेकंदांच्या शॉटला सोळा सेकंद गाणं वाजेल, निर्माता कुरकुरेल, कुरकुरू दे. कलाकार थंड उभा राहून पहिला काउंट मारतो तेव्हा स्टेप अर्धी असते आणि ओठ मिटलेले असतात. एडिटरला चालू हालचालीवर काप मारायचा असतो. जादा आठ नसेल तर तो तुझ्या स्टेपच्या जागी एखादा कबुतरांचा शॉट लावतो, आणि मग तू म्हणतेस माझं गाणं कापलं.

मोकळ्या मैदानात शूट असेल तर स्पीकर कुठे ठेवायचे तेही कागदावर हवं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि शेवटची रांग ३४ मीटर लांब, म्हणजे तिला ठेका सेकंदाचा दहावा हिस्सा उशिरा पोचतो. १२०च्या लयीत तो मात्रेचा पाचवा भाग. पडद्यावर स्वच्छ दिसतं. मग ‘मागचे झोपलेत का’ म्हणून आरडाओरडा होतो. ते झोपलेले नसतात, त्यांच्या कानापाशी एक स्पीकर नसतो.

स्लो मोशन ठरलं असेल तर आधी विचार, सेकंदाला किती फ्रेमवर. ४८ वर शूट करून २४ वर दाखवणार असतील तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजतं. चार सेकंदांचा आठ दोन सेकंदांत संपतो. तिथे नेहमीइतक्या स्टेप कोंबल्यास तर ओठही चुकतात आणि अंगही. हालचाल निम्मी कर, आणि तालीमही दुप्पट वेगाच्या ट्रॅकवरच घे. तालीम हळू घेऊन सेटवर पळवणं म्हणजे कलाकाराचा अपमान.

आता मास्टरजींचं. त्यांनी तुझी स्टेप वापरली आणि नाव आलं नाही, हा राग तुझ्या मेसेजभर सांडलाय. असिस्टंटची स्टेप मास्टरची, ही या धंद्यातली रीत आहे. रीत बरोबर आहे असं मी म्हणत नाही. २०२३ साली ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळालं ते संगीतकार एम. एम. कीरावनी आणि गीतकार चंद्रबोस यांना. जग ज्या पायांवर नाचलं ती स्टेप प्रेम रक्षित यांची, पण तो पुरस्कार गाण्याचा. सरोज खान मागच्या रांगेत नाचल्या, बी. सोहनलाल यांच्याकडे असिस्टंट होत्या, १९७४ मध्ये स्वतंत्र सिनेमा मिळाला, आणि फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार सुरू करून त्यांना दिला तो १९८९ मध्ये. तुझी दोन वर्षं झालीत.

पण कायदा बघ. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीच्या व्याख्येत येते, ती लिहून किंवा दुसऱ्या रीतीने नोंदलेली असेल तर. आणि त्याच व्याख्येत पुढे सिनेमा वगळलाय. म्हणजे पडद्यावर दिसतंय, नोंद झाली, असं धरून चालू नकोस. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, आपल्याला नाही. त्यांच्याकडे वही होती, नोटेशन होतं. आपल्याकडे गुडघे होते.

‘तुम्ही लोकांनी तरी कुठे लिहिलंत?’ विचार, खुशाल विचार. नाही लिहिलं. गाणं रात्री रेकॉर्ड व्हायचं, सकाळी सेटवर वाजायचं, कागद काढायला उसंत कुठे होती? शिवाय लिहिणाऱ्याला हसायचे, याच्या अंगात नाही म्हणून कागदात बघतो म्हणायचे. सबबच आहे ही, कळतं मला. पण तुला ती सबब नाही. फोनवर ट्रॅक आहे, सेकंद दिसतात, महिनाभर आधी गाणं हातात आहे.

सोडायचं की नाही, ते साठ ओळी भरल्या की तुझं तुलाच कळेल. चाळीसच्या वर रिकाम्या राहिल्या तर मास्टरजींकडे अजून एक वर्ष काढ आणि त्यांच्या गाण्यांचे तक्ते कर, न विचारता, दररोज. भरल्या तर गाणं घे. करारात क्रेडिटचे शब्द जसे पडद्यावर हवेत तसेच लिहून घे. मानधनाचा एक हप्ता शूटच्या आधी घे, आणि सिने डान्सर्स असोसिएशनचं कार्ड नसलेला ग्रुप कोणी स्वस्तात आणून दिला तर नको म्हण.

रविवारपर्यंत दोन्ही अंतऱ्यांचा तक्ता पाठव. व्हिडिओ नको.

ता. क. पेन्सिलने लिही. शॉट बदलतात, आणि पावसाच्या गाण्यात शाई पसरते.