वाचक विचारतात : मांजरांच्या पिंजऱ्यापाशी दोन तास

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. गेले दोन महिने दर रविवारी मी एका प्राणी निवारा केंद्रात मांजरांच्या विभागात स्वयंसेवक म्हणून जाते. माझ्या वाट्याला मात्र पिंजरे धुणे आणि लिटरचे (मांजरांच्या मलमूत्रासाठी ठेवलेल्या भुशाचे) ट्रे साफ करणे एवढेच काम येते. तेथील एक काळी-पांढरी मांजरी कोपऱ्यातून हलतच नाही. गेल्या रविवारी तिला कुरवाळण्यासाठी हात आत घातला, तर तिने ओरखडले आणि थोडे रक्त आले. मी हळद लावली. घरी आमचेही मांजर आहे आणि सून गरोदर आहे. हे काम मी चालू ठेवावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काम अवश्य चालू ठेवा, पण आधी त्या ओरखड्याकडे पाहू. रक्त आलेला ओरखडा हा रेबीजच्या दृष्टीने चाव्याइतकाच गंभीर मानला जातो, म्हणून हे वाचताच सरकारी रुग्णालयात जाऊन लसीकरण सुरू करा. अशा जखमेसाठी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडेही, द्यावे लागते. ती मांजरी केंद्रातच असल्यामुळे तिच्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येईल, परंतु त्यासाठी लस लांबणीवर टाकू नये. यापुढे असे झाल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी; हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. खरे तर मांजरे हाताळणाऱ्या प्रत्येकाने ही लस आधीच घेतलेली असावी.

आता ट्रे साफ करण्याविषयी. हे काम तुम्हाला कमी दर्जाचे वाटत असावे, असे पत्रावरून जाणवते आणि तेथे माझे मत वेगळे आहे. मांजर आपले दुखणे लपवते. वेदना असली तरी ते कण्हत नाही, नुसते मुडपून बसते. त्यामुळे आजाराची पहिली खबर बहुधा ट्रेमध्ये आणि वाडग्यातच मिळते. एखादा बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतो आहे, पण लिटर कोरडेच आहे, असे दिसले तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि मग डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवावे लागते, कारण एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. नव्याने आलेल्या मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावले नसेल, तर तेही लगेच सांगावे. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडते. पिंजऱ्यावरच्या कागदावर ‘अर्धा वाडगा खाल्ला, लघवी झाली, शौच पातळ’ अशी नोंद नीट करणारा स्वयंसेवक कोणत्याही केंद्राला हवाच असतो.

पिंजरा धुताना फिनेल वापरले जात नाही ना, हेही पाहा. फिनॉलयुक्त द्रव मांजराच्या पंजांना लागतो, ते पंजे चाटते आणि त्याचे यकृत हे विष नीट निकामी करू शकत नाही. शिवाय पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या आजाराचा विषाणू नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही; पोषक परिस्थितीत तो वर्षभरही टिकतो. त्यासाठी योग्य प्रमाणात पातळ केलेले ब्लीच लागते, जे मांजराला बाहेर काढून वापरावे आणि नंतर पिंजरा पाण्याने धुऊन कोरडा करावा. हाच विषाणू तुमच्या चपलांवरून आणि कपड्यांवरून घरी येऊ शकतो. केंद्रासाठी वेगळ्या चपला ठेवा, घरी येताच कपडे बदला आणि घरच्या मांजराचे लसीकरण पूर्ण आहे याची खात्री करा.

त्या काळ्या-पांढऱ्या मांजरीला सध्या कुरवाळण्याची नव्हे, लपण्याची गरज आहे. पिंजऱ्यात पुठ्ठ्याचा एक खोका आडवा ठेवा आणि केंद्रचालकांची परवानगी घेऊन पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर जुनी चादर टाका. मग तिच्याकडे पाठ नाही आणि तोंडही नाही, अशा तिरक्या अंगाने बाहेर बसा आणि हलक्या आवाजात वर्तमानपत्र वाचा. शिक्षिकेला हे कठीण जाऊ नये. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडा. ती स्वतः जाळीशी आली, तर एक बोट तिच्या नाकाच्या पातळीवर स्थिर धरा. तिने गाल घासला तरच गालाला हात लावा, पोटाला नाही. शेपटी फटफट आपटू लागली की थांबा. शक्य असल्यास रविवारसोबत आणखी एक वार ठरवून घ्या, कारण ओळख पटण्यास आठवडा हे फार मोठे अंतर आहे.

राहिला प्रश्न सूनबाईंचा. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या आणि गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती बाळगून घरचे मांजर कोणाला देऊन टाकण्याचे कारण नाही. विष्ठेतून बाहेर पडलेले त्याचे अंश संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो, म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ झाला पाहिजे. अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेली पालेभाजी यांपासूनही तेवढेच जपावे. सूनबाईंनी मांजराला मांडीवर घ्यावे आणि नंतर हात धुवावेत. ट्रे मात्र बाळंतपण होईपर्यंत तुमच्या चिरंजीवांकडे सोपवा.