क्लॅपट्रॅप म्हणजे नुसती बडबड नव्हे

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत राहणाऱ्या अकरावीतल्या मुलीने परवा मला जिन्यातच गाठलं. "काका, अग्रलेखात एका पुढाऱ्याच्या भाषणाला क्लॅपट्रॅप म्हटलंय. कोशात अर्थ दिलाय फालतू बडबड. मग त्यात क्लॅप कशाला? आणि ट्रॅप म्हणजे तोंड ना, 'शट युअर ट्रॅप'मधलं?"

तोंड नव्हे गं. ट्रॅप म्हणजे सरळ सापळा आणि क्लॅप म्हणजे टाळी. टाळी पकडायला लावलेला सापळा.

हा शब्द नाटकवाल्यांचा. १८व्या शतकाच्या पूर्वार्धात नेथन बेली या इंग्रज कोशकाराने तो नोंदवला. नटांना खूश करण्यासाठी, रंगमंचावरून जाता जाता म्हणायला नाटककार जी आवेशाची, यमकांची वाक्यं लिहून देत, ती म्हणजे क्लॅपट्रॅप, असा त्याच्या नोंदीचा आशय. यातलं 'जाता जाता' मला फार आवडतं. नट विंगेकडे निघालाय, मध्येच वळतो, आवाज चढवतो, एक वाक्य फेकतो आणि एक्झिट. नाट्यगृह कडाडतं. कथानक मात्र होतं तिथेच असतं.

गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत चार नाटकं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. वाक्याआधी नट किंचित थांबतो, श्वास घेतो, हनुवटी वर करतो. मी तेवढ्यात शेजारी बसलेल्या बायकोला कोपराने खुणावतो, की आता आली बघ टाळी. (ती म्हणते, तुमच्यामुळे माझी टाळी राहून जाते.) आपल्याकडे याला 'टाळीचं वाक्य' म्हणतात.

पण गंमत इथेच आहे. 'टाळीचं वाक्य' ही शिवी नाही. उत्तम नाटकातही टाळीची वाक्यं असतात, नटांना ती हवीहवीशी वाटतात आणि प्रेक्षक घरी जाताना तीच घोळवतात. इंग्रजी शब्द मात्र १९व्या शतकात नाट्यगृहाबाहेर पडला आणि बदनाम झाला. पोकळ, भपकेबाज, लोकांना खूश करण्यापुरतं बोलणं, असा त्याचा अर्थ झाला. आता तर टाळीचा संबंधही उरला नाही. कसलंही थोतांड असो, क्लॅपट्रॅप म्हणून मोकळे.

त्यामुळे मराठीत एकच प्रतिशब्द चालणार नाही. तुझ्या अग्रलेखातल्या भाषणासाठी मी 'टाळ्याखाऊ' म्हणेन. लाचखाऊ, वेळखाऊ, भावखाऊ यांच्या पंगतीत बसणारा शब्द आहे, आणि त्या 'खाऊ'तच तुच्छता आयती मिळते. जाहिरातीतल्या चमत्कारी गुणांबद्दल लिहिलं असेल तर 'थोतांड' किंवा 'भंपकपणा' बरा. नुसतं 'बडबड' केलंस तर अर्धा अर्थ सांडतो. बडबडीला श्रोता नसला तरी भागतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीतलं दरवर्षीचं भाषण घे: पाऊण तास चालतं, आणि टाळी मिळावी असा प्रयत्नही त्यात नसतो. मूळ अर्थाने ते क्लॅपट्रॅप नव्हे, नुसता ट्रॅप.

टाळीतून निघालेले शब्द इंग्रजीत आणखीही आहेत. प्लॉजिबल म्हणजे आज 'पटण्यासारखं', मूळ अर्थ टाळीला पात्र. एक्सप्लोड तर अफलातून आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ टाळ्या पिटून नटाला रंगमंचावरून हाकलणं. बॉम्बचा स्फोट नंतरचा. खोट्या टाळ्या वाजवून रटाळ प्रयोग पाडणारे प्रेक्षक आपल्याकडेही आहेत, त्यांना हे सांगायला हवं.

निबंधात वापरणार असशील तर एक सांभाळ. पूर्वी हा शब्द मोजता येत असे, एक क्लॅपट्रॅप, दोन क्लॅपट्रॅप, कारण तेव्हा तो एकेका वाक्याला म्हणत. आता तो साखर-पाण्यासारखा, न मोजता येणारा. त्याच्या आधी 'अ' लावू नकोस, शेवटी 'स' नको. फार झालं तर 'अ लोड ऑफ क्लॅपट्रॅप' लिही. आणि मास्तरांच्या पेपरवरच्या शेऱ्याला तो शब्द वापरलास, तर माझं नाव सांगू नकोस.