संग्रहातल्या न आवडलेल्या कथा

चिरंजीव वाचकमित्रास,
अनेक आशीर्वाद.

प्रातिनिधिक मराठी कथांच्या संग्रहातील बावीस कथांपैकी जेमतेम सहा मनापासून आवडल्या, आणि उरलेल्या वाचताना आपलीच अभिरुची कच्ची आहे की काय अशी शंका आली, असे तू लिहिले आहेस. ही शंका तू मनात दडवली नाहीस, याचा मला आनंद वाटला.

यातील बहुतेक कथा एका बैठकीत, एकीपाठोपाठ एक वाचल्या जाव्यात म्हणून लिहिलेल्याच नव्हत्या. एखादी ‘सत्यकथे’च्या अंकात आली असेल, तर एखादी दिवाळी अंकात, आणि वाचकाच्या मनात मुरायला तिला पुष्कळ दिवस मिळाले असतील. संग्रहात मात्र शेवट मनात उतरण्याआधीच पान उलटले जाते. तुझ्या वयाचा असताना मी व्यंकटेश माडगूळकरांची कथा संपवून त्याच रात्री जी. ए. कुलकर्णींची कथा हाती घेतली. माडगूळकरांच्या आटोपशीर वाक्यांची लय कानात असल्यामुळे जी. एं.ची प्रतिमांनी लगडलेली, हळूहळू गडद होत जाणारी भाषा मला जड वाटली आणि चौथ्या पानावर मी पुस्तक मिटले. कित्येक वर्षांनी पावसाळ्यातल्या एका रिकाम्या दुपारी तीच कथा वाचली, तेव्हा संध्याकाळी कोणाशी बोलावेसे वाटेना. तोवर माझ्या घाईचा दोष मी त्या कथेच्या माथी मारत आलो होतो.

म्हणून दिवसाला एकच कथा वाच आणि शीर्षकापाशी तिच्या प्रथम प्रसिद्धीचे साल पेन्सिलीने लिहून ठेव. गंगाधर गाडगीळ आणि अरविंद गोखले यांनी कथानकाची चौकट सैल केली, ते त्या काळी धाडस होते. आज तुला ते ओळखीचे वाटते, कारण पुढच्या लेखकांनी ती वाट मळवली.

काही कथा मात्र खरोखरच दुबळ्या असतात. लेखकाचे नाव वगळता येत नाही किंवा एखाद्या प्रवाहाचा नमुना हवा, एवढ्यासाठीही संपादक कथा निवडतो. अशी कथा आवडली नाही तर निःसंकोच तसे म्हण. फक्त नेमक्या कोणत्या परिच्छेदापाशी ती हातून सुटली, ते वहीत टिपून ठेव.

दलित साहित्याच्या सुरुवातीच्या पिढीतले कथाकार बाबूराव बागुल यांची कथा ‘अंगावर येते’ म्हणून तू अर्ध्यावर सोडलीस. त्यांचा पहिला संग्रह १९६३ सालचा, हे ध्यानात ठेवून ती या आठवड्यात पुन्हा वाच, आणि त्या दिवशी दुसरे काही वाचू नकोस. मग मला सविस्तर लिही.

तुझा शुभचिंतक