गाणं ओळखण्याच्या ऑनलाइन खेळात लोक सर्रास अ‍ॅप वापरतात. मग खेळण्यात अर्थ काय, आणि नवख्याने तयारी कशी करावी?

वापरतात, हो. वापरू देत. शाझामसारखं ऐकून गाणं ओळखणारं अ‍ॅप लावून पहिला नंबर काढणारा फार काळ टिकत नाही, कारण त्याला त्यात काही मिळतच नाही. आणि टिकत असेल तर दोष त्याचा कमी, प्रश्न काढणाऱ्याचा जास्त.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ग्रुपवर रोज रात्री जुन्या हिंदी गाण्यांचे म्युझिक पीस, म्हणजे नुसत्या वाद्यांचे तुकडे, येतात आणि काही जण सेकंदात उत्तर टाकतात. मूळ रेकॉर्डवरून कापलेला तुकडा टाकला तर हे होणारच. शाझाम त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवून बघतं. त्याला चाल कळत नाही, रेकॉर्ड कळते. तोच पीस कुणी हार्मोनियमवर वाजवून टाकला की बिचारं गप्प बसतं. गूगलवर 2020 पासून गुणगुणून गाणं शोधता येतं, पण तिथेही एक गंमत आहे: ते एकच उत्तर देत नाही, चार-पाच गाणी दाखवतं, कुठलं किती टक्के जुळलं तेही सांगतं. म्हणजे आमच्या एका संयोजकांपेक्षा अ‍ॅपचं मन मोठं.

आता ते सांगतेच.

मी ज्या ग्रुपवर होते तिथे रविवारी रात्री मोठा डाव असायचा. संयोजक स्वतः माउथ ऑर्गन वाजवायचे, बरं वाजवायचे. त्या रात्री त्यांनी व्हॉइस नोट टाकली: मुखड्याची जेमतेम अर्धी ओळ, ठेका नाही, मागे काही नाही. मी लगेच लिहिलं, ‘ठंडी हवाएँ लहराके आएँ’, ‘नौजवान’, 1951, संगीतकार सचिनदा बर्मन. उत्तर आलं, “चूक.” माझ्यानंतर बऱ्याच वेळाने एकाने ‘सागर किनारे’ लिहिलं आणि त्याला पूर्ण गुण.

जुनी गाणी ऐकणाऱ्या कुणालाही विचारा. सचिनदांची ‘ठंडी हवाएँ’, मदनमोहनांचं ‘यही है तमन्ना’ (‘आप की परछाइयाँ’, 1964), रोशनचं ‘रहें ना रहें हम’ (‘ममता’, 1966) आणि पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं, ‘सागर किनारे’ (‘सागर’, 1985) या चारही मुखड्यांचा साचा एक. एकाची सुरुवात करून दुसऱ्यात शिरता येतं, मैफिलींमध्ये लोक हौसेने तसं गातातही. फरक आहे तो ठेक्यात, वाद्यमेळात आणि ओळ पुढे कुठे वळते त्यात. ठेका काढून टाकायचा, ओळ अर्ध्यात तोडायची आणि मग म्हणायचं की उत्तर एकच! मी चारही गाणी सालासकट लिहून टाकली. त्यावर संयोजक म्हणाले, “ताई, माझ्या मनात जे गाणं होतं तेच उत्तर. नियम म्हणजे नियम.” मी म्हटलं, दादा, हा गाणं ओळखायचा खेळ आहे की तुमचं मन ओळखायचा? एका काकांनी त्यांच्या मेसेजला अंगठा दिला आणि माझ्याही मेसेजला अंगठा दिला. कुणीतरी लिहिलं, ग्रुप वादासाठी नाही. मग रात्रभर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील अशी सोय झाली आणि सकाळी सुप्रभातची फुलं आली.

याच गृहस्थांनी आधी एकदा विचारलं होतं, “‘नागिन’मधली बीन कुणी वाजवली?” उत्तर त्यांना हवं होतं संगीतकार कल्याणजी. नाव बरोबर, प्रश्न चुकीचा. 1954 सालच्या त्या चित्रपटात कल्याणजींनी वाजवलं ते क्लॅव्हिओलिन, म्हणजे वीजेवर चालणारं कीबोर्डाचं वाद्य. जोडीला संगीतकार रवींची हार्मोनियम. खरी मौज त्यातच आहे, की ज्या सुरावर अख्खा देश डोलला ती बीन नव्हतीच. प्रश्न तसा विचारला असता तर ग्रुपवर तासभर गप्पा रंगल्या असत्या.

म्हणून माझं ठाम मत: अशा खेळात फसवणारे लोक दुय्यम, पहिला प्रश्न संयोजकाचा. दोन उत्तरं निघत असतील तर दोघांना गुण द्यायचे आणि पुढे जायचं. हर्डल नावाचा गाणं ओळखायचा ऑनलाइन खेळ 2022 मध्ये गाजला होता, आठवत असेल. आधी एक सेकंद ऐकवायचे, मग दोन, चार, सात, अकरा, सोळा. तिथे वाद व्हायचे नाहीत, कारण ऐकू यायचं ते मूळ रेकॉर्डिंग. स्पॉटिफायने तो विकत घेतला आणि 2023 मध्ये बंदही केला, ते जाऊ दे. पण त्याच्यामुळे एक गोष्ट लोकांना कळली, की एका सेकंदात चाल ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो वाद्यांचा आणि आवाजाचा पोत. कॅरल क्रमहान्सल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना गाजलेल्या गाण्यांचे 400 मिलीसेकंदांचे तुकडे ऐकवले होते. ऐकणाऱ्यांनी चौथ्या हिश्श्याहून जास्त वेळा कलाकार आणि गाणं दोन्ही बरोबर सांगितलं. तेव्हा तुमच्या ग्रुपवर सेकंदात उत्तर देणारा प्रत्येक जण चोर असेलच असं नाही. आमच्यात एक आजी आहेत, त्यांना व्हायोलिनचा पहिला फराटा पुरतो.

तयारीचं विचारलंत. गाणं ऐकताना गायक सोडून बाकीचं ऐका, एवढंच. अकॉर्डियन कुठे येतं, मेंडोलिन कुठे, सॅक्सोफोन मनोहारी सिंगांचा वाटतो का. वगळायची सवय लावा: लताबाईंचा आवाज ऐकू आला की संगीतकार ओ. पी. नय्यर यादीतून बाद, कारण त्या दोघांनी एकत्र काम केलंच नाही. श्रेयनामावली वाचा. संगीतकार आनंदघन या नावामागे लताबाईच आहेत, गायक चितळकर म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, हे आता सगळ्यांना पाठ आहे, त्याच्या पुढे जा. ‘महल’च्या रेकॉर्डवर ‘आयेगा आनेवाला’च्या गायिकेचं नाव काय छापलं होतं, असा प्रश्न बघा. कामिनी! म्हणजे पात्राचं नाव. हे शाझामला विचारून दाखवा. शोधून सापडतं, पण तेवढ्यात उत्तराचे तीस सेकंद संपतात.

आणि चित्रपटातलं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं वेगळं धरा. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे पडद्यावरचा एखादा अंतरा रेकॉर्डवर नसतो, पीसही कापलेला असतो. निम्मी भांडणं इथून निघतात.

झूमवर खेळत असाल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर ते संगीतालाच गोंगाट समजून दाबून टाकतं. आणि तोंडी उत्तरं घेऊ नका. ज्याचं नेट बरं तोच जिंकतो. सगळ्यांनी लिहून ठेवायचं आणि संयोजकाने सांगितलं की एकदम पाठवायचं. अ‍ॅपवाल्यांचा पहिलं येण्याचा सोसही यात निम्मा संपतो.

एक मात्र कबूल करायला हवं, संयोजकाचं काम फुकटचं असतं. तुकडे कापायचे, गुण लिहायचे, रुसवे काढायचे. माझा अनुभवही जुन्या हिंदी गाण्यांपुरता आहे. इंग्रजी पॉपवाल्यांचं किंवा नव्या गाण्यांचं गणित वेगळं असेल. तरी संयोजकाने आपल्या उत्तराखेरीज आणखी कुठलं उत्तर बसतंय का, हे प्रश्न टाकण्याआधी बघायला काय हरकत आहे? आणि दादा, तुम्ही हे वाचत असाल तर तो गुण अजून माझ्या नावावर लिहिलेला नाही.