तारीख-तिथी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीत दरवर्षी 14 जानेवारीला हळदीकुंकवाच्या फलकावर 'पानिपतचं युद्ध ऐन संक्रांतीला झालं' असं लिहितात. यंदा नातीने विचारलं, "आजी, सणाच्या दिवशी लढाई कशाला केली?" मला उत्तर सुचलं नाही.
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नातीला माझ्याकडून शाबासकी द्या. युद्ध 14 जानेवारी 1761 लाच झालं. वार बुधवार, तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके 1682. पण त्या दिवशी संक्रांत नव्हती. ती चारेक दिवस आधीच होऊन गेली होती.

संक्रांत सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावर ठरते. पंचांगाचं सौर वर्ष आपल्या कॅलेंडरच्या वर्षाहून साधारण वीस मिनिटांनी मोठं असतं. वीस मिनिटं म्हणजे काय मोठंसं, पण ती साठत जातात आणि 70 वर्षांत संक्रांत सुमारे एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख 12 जानेवारी 1863. तिथून आणखी शंभर वर्षं मागे गेलात की संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते.

फलकावरचं ते वाक्य पुसाच, असा माझा आग्रह आहे. सणाशी सांगड घातली की सगळं नशिबावर जातं. लोक चुकचुकतात आणि तिळगूळ घेऊन घरी जातात. पानिपतला काय झालं, हा प्रश्न मग कुणी विचारतच नाही.

मी ज्या शाळेत इतिहास शिकवला ती सदाशिव पेठेत. पेठेला नाव पानिपतावरच्या मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊंचं, म्हणून हा धडा मला कधी घाईत उरकता आला नाही. फळ्यावर चार ठिपके काढायचे. सगळ्यात खाली पुणं, वर दिल्ली, तिच्या वर पानिपत, त्याच्याही वर कुंजपुरा. भाऊंनी ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. तिथे, दिल्ली आणि पानिपत यांच्या मधोमध, लाल खडूने फुली मारायची. मुलींना मग वेगळं सांगावं लागत नसे. घरचा रस्ता शत्रूच्या फौजेमागे गेला होता.

पुढे दोन महिन्यांहून जास्त काळ दोन्ही सैन्यं समोरासमोर बसून राहिली. आपल्या छावणीत लढणारे होतेच, शिवाय बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे. तेवढ्या तोंडांना धान्य आणायचं कुठून? अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखातून, रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, तेव्हा उरलीसुरली आशाही गेली. भुकेने टेकीला आलेली माणसं त्या बुधवारी सकाळी बाहेर पडली. छावणीतलं अन्न संपलं होतं म्हणून तो दिवस उजाडला. नातीला हे सांगा. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला भूक समजते.

आणखी एक गोष्ट मला दरवर्षी अस्वस्थ करते. त्या 14 जानेवारीला पुण्याला कशाचाच पत्ता नव्हता. नानासाहेब पेशवे स्वतः फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. त्यांना बातमी कळली ती वाटेत, माळव्यात, सावकाराच्या सांकेतिक पत्रातून: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे साधे शिपाई. म्हणजे इथे पेठांतल्या घरांमधून नवऱ्यांची, मुलांची वाट पाहणं चालूच होतं, आणि कित्येकींच्या वाट्याला पक्की खबर कधी आलीच नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी भाऊ गेले हे अखेरपर्यंत मानलं नाही. नानासाहेब खचून परतले आणि 23 जून 1761 ला पर्वतीवर वारले. तुम्ही सहकारनगरात राहता, पर्वती हाकेच्या अंतरावर आहे. नातीला घेऊन चढा आणि ही हकिगत तिथे सांगा.

प्रश्न : शिवराज्याभिषेक दिन 6 जूनला, आणि तिथीने पुन्हा वेगळ्या दिवशी. खरा कोणता?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596. ही त्या काळच्या माणसांनी वापरलेली नोंद आहे, म्हणून माझा कल तिच्याकडे. 6 जून 1674 ही तारीख इंग्रज तेव्हा पाळत असलेल्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या कॅलेंडरने तो दिवस 16 जून येतो, कारण त्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. इंग्रजांनी नवं कॅलेंडर घेतलं ते 1752 मध्ये. पानिपत त्यानंतरचं, म्हणून तिथे हा घोळ नाही. 6 जूनला रायगडावर जाणाऱ्यांनी खुशाल जावं.

प्रश्न : आईकडून पानशेतच्या पुराच्या आठवणी लिहून घेते आहे. काय काय विचारू?
– एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : आजच सुरुवात करा. 12 जुलै 1961, हाही बुधवारच. पानशेत धरण सकाळी फुटलं आणि खालचं खडकवासला दुपारी, म्हणजे पाणी शहरात दिवसाउजेडी शिरलं. म्हणून आधी वेळा विचारा. चूल पेटली होती का? पाणी येतंय हे कुणी सांगितलं, आणि खरं वाटलं का? कुठल्या बोळातून, कुणाचा हात धरून बाहेर पडली? बरोबर काय घेतलं? रात्र कुठे काढली, आणि तिथे खायला कुणी दिलं? वाडा अजून उभा असेल तर आईला तिथे न्या. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढलं ते तिला बोटाने दाखवू द्या आणि तिथला फोटो काढून ठेवा.